गॉथिक रोमँटिक फँटसी: सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

गेली पंधरा-सोळा वर्षं मी या प्रकारच्या कादंबऱ्या वाचतेय आणि कोल्हापुरात ज्यांना ज्यांना कळतं की ही असलं वाचते ते सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळीत संपलीत.

गॉथिक म्हणजे भुताचीच गोष्ट ना?

नाही. भूत असेल किंवा नसेलही, पण जागा मात्र असतेच. गॉथिक हा शब्द मुळात इमारतींचा. टोकदार कमानी, उंच मनोरे, अशी युरोपातली जुनी चर्चं ज्या पद्धतीनं बांधली तिला गॉथिक म्हणतात. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरून बाहेर आल्यावर मागं वळून वर बघितलं असेल तर तुम्ही गॉथिक बघितलंय, आणि मुंबईपर्यंत जायलाही नको, सीपीआर हॉस्पिटलसमोरचा आपला टाऊन हॉल त्याच वळणाचा आहे, १८७२ ते १८७६ च्या दरम्यान चार्ल्स मँटच्या आराखड्यानं बांधलेला. शाळेतनं तिथल्या संग्रहालयात मूर्ती बघायला नेलं होतं, मूर्ती सगळ्या विसरले पण ते उतरतं छप्पर आणि भर दुपारी आत पाऊल टाकल्यावरचा गारवा अजून अंगावर आहे.

कादंबरीला हा शब्द चिकटला तो होरेस वॉलपोलमुळं. १७६४ साली त्यानं ओट्रांटोच्या किल्ल्याची कादंबरी काढली, स्वतःचं नाव लपवून, जुन्या इटालियन हस्तलिखिताचं भाषांतर म्हणून, आणि पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती काढताना आपणच लेखक असल्याचं कबूल करून वर 'गॉथिक गोष्ट' असं लिहून टाकलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून ही गोष्ट एका वास्तूची आहे, आत कोण राहतं ते नंतर.

मग त्यात रोमान्स आणि फँटसी कुठनं आली?

बाहेरनं आलीच नाही, ती आधीपासनं होती. दोन परीकथा आठवा. एक निळ्या दाढीच्या नवऱ्याची, शार्ल पेरोनं १६९७ साली छापलेली, नवरा किल्ल्यांचा जुडगा हातात देतो आणि म्हणतो सगळ्या खोल्या उघड, ही एक तेवढी नको. दुसरी सुंदरी आणि पशूची, १७४० साली मादाम द व्हिलनव्हनं लिहिलेली, शापित वाड्यात एक भयंकर प्राणी राहतो आणि तो रोज रात्री तिला माझी होशील का विचारतो. या दोन गोष्टी एकमेकीत मिसळा, झाली तुमची गॉथिक रोमँटिक फँटसी. नवरा राक्षस निघणार का राक्षस नवरा निघणार, सगळी कादंबरी या एका प्रश्नावर चालते.

आपल्याकडच्या शास्त्राप्रमाणे हे जमायलाच नको होतं खरं तर. साहित्यदर्पण या जुन्या संस्कृत ग्रंथात शृंगाराच्या विरोधी रसांची यादी आहे आणि त्यात भयानक बसवलाय, म्हणजे प्रेम आणि भीती एका ताटात वाढू नये. पण मला वाटतं की मधे अद्भुत रस घातला की दोन्ही नांदतात. भिंत कुजबुजते, आरशात दुसरंच कुणी दिसतं, धुक्यात गेलेली माणसं बदलून परत येतात, अशा जगात घाबरणं आणि जीव जडणं एकाच वेळी होऊ शकतं, तिथं ते खोटं वाटत नाही.

सगळे 'वातावरण वातावरण' म्हणतात, म्हणजे पानंच्या पानं नुसतं धुकंच का?

वाईट पुस्तकात हो, नुसतं धुकं. चांगल्या पुस्तकात धुकं काम करतं. रस्ता बंद करतं, पत्र पोचू देत नाही, समोरून येणारा माणूस कोण ते कळू देत नाही, आणि मुख्य म्हणजे दोन माणसांना एका छपराखाली कोंडून ठेवतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण कादंबरीतलं नाहीच, कादंबरी कशी झाली त्याचं आहे. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याची राख आणि वायू वर आभाळात पसरले आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही, थंडी आणि पाऊस. जिनिव्हाच्या तळ्याकाठी व्हिला दिओदाती नावाच्या बंगल्यात कवी बायरनकडं मंडळी जमली होती, बाहेर पडता येईना, मग ठरलं की प्रत्येकानं एकेक भुताची गोष्ट लिहायची. त्यातनं मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाईन' आली, १८१८ ला छापली, आणि बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी, त्याची रक्त पिणाऱ्या उमरावाची गोष्ट १८१९ ला. मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती. पावसानं घरात कोंडलेली अठरा वर्षांची पोरगी!

आता जुलै महिन्यातलं कोल्हापूर डोळ्यासमोर आणा. चार-चार दिवस सूर्य नाही, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, स्वयंपाकघरात मिठाला पाणी सुटतंय, पंचगंगा किती फुटावर गेली हे घरात प्रत्येक जण दर तासाला विचारतोय, आणि संध्याकाळी सातला लाईट जाते. मी माझी पहिली गॉथिक कादंबरी अशाच आठवड्यात वाचली, शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात, मोबाईलचा टॉर्च पाण्याच्या तांब्यावर टेकवून. पुस्तकाची पानं दमट होऊन इतकी मऊ झाली होती की उलटताना आवाज येत नव्हता. हे वाचायला इंग्लंडातलं माळरान बघितलेलं असायला लागतं असं मला कोण सांगायला लागलं की मी त्यांना हा आठवडा सांगते.

घराला एवढं महत्त्व का देतात? घर म्हणजे घर.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण मराठी बाईला याचं उत्तर आधीच माहीत असतं, फक्त तिनं ते या पुस्तकांशी जोडलेलं नसतं.

एक मुलगी अनोळखी मोठ्या घरात येते. माणूस थोडासा ओळखीचा, घर अजिबात नाही. कुठली गोष्ट कुठं ठेवायची, कुणासमोर मोठ्यानं बोलायचं नाही, कुठल्या विषयावर सगळे एकदम गप्प होतात हे तिला हळूहळू कळत जातं. किल्ल्या दुसऱ्याच बाईच्या कमरेला. मी हे कादंबरीचं सांगतेय का सासरचं, सांगा बघू! माप ओलांडून आत आलेल्या प्रत्येक मुलीनं ही कादंबरी थोडीफार जगलेली असते.

१९३८ साली आलेली डॅफ्ने दु मॉरिएची 'रेबेका' घ्या. गोष्ट सांगणारी आहे नवी बायको, आणि तिचं नाव शेवटपर्यंत कळत नाही, पुस्तकावर नाव आहे ते मेलेल्या पहिलीचं. इंग्रजी वाचकांना ही लेखिकेची मोठी करामत वाटते, आणि आहेच, पण ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहून मुलीचं जुनं नाव पुसायची पद्धत ज्या समाजात आहे तिथली वाचक ते वाचताना दचकते वेगळ्याच कारणानं. आणि बिजवराला दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक घालायची रीत होती की आपल्याकडं. माझ्या आज्जीच्या एका चुलत जावेच्या गळ्यात तो मी बघितलाय, नखाएवढा चांदीचा पत्रा, झिजून नाक-डोळे गेलेले. सणाला ती आधी त्या टाकाला हळदकुंकू लावायची मग स्वतःला, आणि त्याला 'आमच्या बाई' म्हणायची. पन्नास वर्षं एक मेलेली बाई गळ्यात घालून संसार केला तिनं. आता यापेक्षा गॉथिक काय असतं?

आज्जीचा वाडा राधानगरीकडं होता. पुढं सोपा, मग माजघर, भिंतीत बळद, मागं परडं आणि आड, आणि वर माडीत शेवटची एक खोली जिच्या कडीला कायम कुलूप. पोरांनी तिकडं जायचं नाही, का ते विचारायचं नाही. मी एकोणीस वर्षांची असताना वाडा उतरवायला काढला तेव्हा ती खोली उघडली. आत दोन कणग्या आणि एक पाळणा, वरची रंगीत चिमणाळी तशीच टांगलेली. आमच्यातलं कुणीच त्या पाळण्यात झोपलेलं नव्हतं. आज्जीनं पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि ती खाली गेली. तो कुणाचा होता ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, आणि आता ती नाही.

या कादंबऱ्यांतली पोरगी विचारते. भीती वाटत असताना विचारते, दिवा घेऊन जिना चढते आणि कडी काढते. मी त्याच्यासाठी वाचते.

भीती वाटते तर वाचायचं कशाला, उगाच झोपेचं खोबरं?

भीती दोन प्रकारची असते आणि हा फरक अॅन रॅडक्लिफनं सांगून ठेवलाय, ज्या बाईनं १७९४ साली 'उडोल्फो' लिहून सगळ्या इंग्लंडला वेड लावलं तिनं. तिचा एक लेख ती गेल्यावर १८२६ साली छापून आला, त्यात ती म्हणते की एका भीतीनं मन मोठं होतं, सगळ्या जाणिवा जाग्या होतात, आणि दुसरीनं मन आकसतं, गोठतं. पहिली म्हणजे काहीतरी आहे पण दिसत नाही ती, दुसरी म्हणजे समोर आणून दाखवलेलं रक्तमांस.

आपल्याकडं त्या पहिलीला शब्द आहे, हुरहूर. आणि गंमत बघा, कातरवेळी घरात कुणी नसताना वाटते तीही हुरहूर आणि ज्याची वाट बघतोय तो आला नाही की वाटते तीही हुरहूरच. दोन्हीला शब्द एक, कारण छातीत होतं ते एकच. हा सगळा साहित्यप्रकार त्या एका शब्दावर उभा आहे असं माझं मत आहे, आणि तो शब्द इंग्रजीत नाही.

हिरो सगळे तुसडे, गूढ, काहीतरी लपवणारे. टॉक्सिक नाही का हे?

काही पुस्तकात आहे, आणि ती मला आवडत नाहीत. ज्यात तो शेवटपर्यंत खोटं बोलतो, तिला कोंडतो, आणि शेवटच्या प्रकरणात त्याचं बालपण वाईट होतं म्हणून ती सगळं माफ करते, ती मी अर्ध्यात सोडते.

माझी एक साधी कसोटी आहे, किल्ली कुणाच्या हातात जाते ते बघायचं. सासूनं कमरेचा जुडगा काढून सुनेच्या हातात दिला की घरात सगळ्यांना कळतं आता काय बदललं, तसंच इथं. चांगल्या कादंबरीत कधीतरी तो स्वतः ती बंद खोली उघडून दाखवतो, किंवा ती उघडते आणि तो आडवा येत नाही. 'जेन एअर' १८४७ ची आहे, तरी त्यातली जेन खरं कळल्यावर तिथं थांबत नाही, निघून जाते, हातात जेमतेम पैसे असताना निघून जाते, आणि परत येते ती स्वतःच्या पायावर उभी राहून. पावणेदोनशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्या बाईला जे जमलं ते आत्ताच्या लेखकांना का जमू नये?

हिरोचं आकर्षण मात्र खरं आहे, ते नाकारायचं कारण नाही. ज्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही अशा माणसाच्या जवळ जावंसं वाटतं. पुस्तकात ते जाऊन बघता येतं, आणि नको वाटलं तर मिटून ठेवता येतं.

मराठीत असं काही आहे का?

मुळं आहेत, झाड तेवढं वाढलं नाही. मराठी कादंबरीच्या अगदी सुरुवातीच्या काळातच असलं लिहिलं गेलं, लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची, समीक्षक या कादंबऱ्यांना अद्भुतरम्य म्हणतात. हा शब्दच बघा ना, अद्भुत आणि रम्य, फँटसी आणि रोमान्स एका शब्दात बसवलेत. पुढं वास्तववादी कादंबरी आली आणि या प्रकाराला भाबडा ठरवून मागं टाकलं गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींनी भीती अशी लिहिली की तोड नाही, पण त्यात प्रेमाला जागा कमी. सिनेमानं मात्र ही जागा भरून काढली. 'महल' १९४९ चा, 'जेन एअर'वरनं घेतलेला 'संगदिल' १९५२ चा, 'रेबेका'वरनं घेतलेला 'कोहरा' १९६४ चा, आणि मराठीत १९७६ चा 'हा खेळ सावल्यांचा', काशिनाथ घाणेकर आणि आशा काळे. आईला सांगून बघा की मी गॉथिक वाचते, कळणार नाही, मग म्हणा 'हा खेळ सावल्यांचा'सारखं, लगेच कळेल.

ज्यांना लिहायचंय त्यांना हात जोडून सांगते, किल्लेदार आणि लॉर्ड आणू नका. आपल्याकडं विहिरीवरच्या साती आसरा आहेत, रात्री शेतातनं येताना वाट चुकवणारा चकवा आहे, देवळीत कुणासाठी तरी रोज ठेवलेली पणती आहे. नुसतं बळद घ्या, भिंतीत धान्य साठवायची अंधारी जागा, आत उतरलेल्या माणसाचा आवाज वर वेगळाच येतो. कुणीतरी हे लिहा, मी पहिली वाचक.

सुरुवात कुठनं करू?

'रेबेका'. त्यात जादू नाही पण वातावरण म्हणजे काय ते पहिल्या प्रकरणात कळतं. मग सिल्व्हिया मोरेनो-गार्सियाची 'मेक्सिकन गॉथिक', २०२० ची, मेक्सिकोतल्या डोंगरातलं एक घर, खाणमालक इंग्रज घराणं, भिंतीवर बुरशी. आपल्याला पावसाळ्यात भिंतीवर येणारी ओल माहीत असल्यामुळं ते जरा जास्तच अंगावर येतं, सांगून ठेवते. पक्की फँटसी हवी असेल तर रेचल गिलिगची 'वन डार्क विंडो', २०२२, धुक्यानं वेढलेला देश, जादूचे पत्ते आणि डोक्यात एक राक्षस घेऊन जगणारी मुलगी.

'उडोल्फो'नं सुरुवात करू नका, फार लांब आहे आणि निसर्गवर्णनातच दम जातो.

विकत घेणं परवडत नाही, कुठं मिळतील?

लायब्ररी लावा. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासनं आहे, एवढं जुनं वाचनालय गावात असताना पुस्तक मिळत नाही म्हणू नये. जुनी इंग्रजी पुस्तकं ठेवणारी लायब्ररी किंवा रद्दीवाला सापडला तर व्हिक्टोरिया होल्ट शोधा, १९६० च्या 'मिस्ट्रेस ऑफ मेलिन'पासनं तिची पुस्तकं भारतात भरपूर आली. १९६०-७० च्या दशकातल्या असल्या पेपरबॅकचं कव्हर लांबनं ओळखू येतं, मागं काळोखात मोठं घर, एका खिडकीत दिवा, पुढं पळणारी मुलगी. घेताना पानं झटकून बघा, कसर लागलेली असते.

इंग्रजी जड जातं, काय करू?

सगळे शब्द कळायची गरज नाही. मी सुरुवातीला डिक्शनरी घेऊन बसायचे आणि दर ओळीला थांबल्यानं सगळी हवाच जायची, मग सोडून दिलं, एका पानाला एकच शब्द बघायचा असं ठरवलं. ऑडिओबुक पण चांगलं, भाकरी करताना ऐकते मी.

शेवट गोड असतो का?

रोमान्स म्हणून विकलेल्या पुस्तकात बहुतेकदा दोघं एकत्र येतात. घर मात्र बहुतेकदा राहत नाही, जळतं किंवा ढासळतं. मला ते पटतं, ज्या घरानं एवढं पोटात दाबून ठेवलं ते तसंच उभं राहून चालत नाही.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, देऊ का वाचायला?

जुनी निर्धास्त द्या. आत्ताची आधी स्वतः वाचा, कव्हरवरनं काही कळत नाही, बऱ्याच पुस्तकात शारीरिक प्रसंग उघड लिहिलेले असतात आणि हिंसाही असते. माझी भाची मागनं वाचताना सापडली तेव्हा म्हणाली, आत्त्या मी पण वाचतो की, मग आम्ही 'जेन एअर' दोघींनी मिळून वाचली, रोज एक प्रकरण. बंद खोलीत कोण आहे हे तिनं माझ्याआधी ओळखलं असतं, मला आधीच माहीत नसतं तर.

कोल्हापुरात बसून वाचायला असं वातावरण कुठं मिळेल?

रंकाळ्याच्या काठानं चालत शालिनी पॅलेस दिसेल तिथं बसा, १९३१ ते १९३४ मध्ये बांधलेला, संध्याकाळी तळ्यावर झाकळून आलं की त्याच्याकडं नुसतं बघितलं तरी पुरे.

आणि पन्हाळा, वीसच किलोमीटर. पाऊस लागला की शनिवार-रविवार सोडून जा. तीन दरवाजाजवळ अंधारबाव आहे, काळ्या दगडातली तीन मजली विहीर, आत शिरलं की डोळे सरावायला वेळ लागतो, तोपर्यंत पाण्याचा आवाज आधी येतो. ऑगस्टमध्ये मी तिथं गेले तेव्हा धुकं इतकं होतं की कमानीतनं माझ्यापुढं चालणारी मैत्रीण दोन पावलांत दिसेनाशी झाली आणि तिची हाक भलत्याच बाजूनं आली. पुस्तक उघडलंच नाही त्या दिवशी. नेणार असाल तर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून न्या, एक पुरत नाही, आणि खाली यायची शेवटची एसटी कधी आहे ते वर पोचल्या पोचल्या विचारून ठेवा.